स्वपक्षाची उलटतपासणी : डॉ. श्रीराम लागू यांचा रंगविचार



डॉ. श्रीराम लागू यांचे नाव घेतले की मराठी माणसाच्या मनात पहिल्यांदा ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर उभे राहतात. त्यात वावगे काही नाही. पण एका भूमिकेने माणसाचे सगळे काम झाकून टाकावे, हे त्या कामावर अन्याय करणारे असते. १६ नोव्हेंबर १९२७ रोजी साताऱ्यात जन्मलेला आणि १७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात निवर्तलेला हा नट आपल्या आठवणीत उरला तो भावनेचा सम्राट म्हणून. घरातून बाहेर पडलेल्या बापाच्या दुःखाने प्रेक्षागृह हुंदक्यांनी भरवणारा नट, एवढीच त्याची ओळख राहिली. त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजूही आपल्याला ठाऊक असते. देव ही कल्पना आता निवृत्त करावी, असे जाहीरपणे सांगणारे, नरेंद्र दाभोलकरांबरोबर गावोगाव वाद-संवादाच्या सभांना जाणारे लागू आपण पाहिलेले वा वाचलेले असतात. मात्र या दोन बाजू आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. रंगमंचावरचा नट वेगळा, सभामंचावरचा विवेकवादी वेगळा. माझे म्हणणे असे की हे कप्पे खोटे आहेत. लागूंचा विवेकवाद त्यांच्या भाषणांत जितका आहे त्याहून जास्त त्यांच्या भूमिकांत आणि त्यांनी बसवलेल्या नाटकांत आहे. तिथे त्याचे रूपही अधिक अवघड आहे, कारण सभेत ते विरोधकाची उलटतपासणी घेत, तर नाटकात स्वतःच्या पक्षाची घेत.

हे पटवण्यासाठी १९७० हे एकच वर्ष आधी पाहू. त्या वर्षी मे महिन्यात विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ ‘थिएटर युनिट’तर्फे रंगमंचावर आले. दिग्दर्शन लागूंचे होते. त्याच वर्षी २३ डिसेंबरला ‘गोवा हिंदू असोसिएशन’ने वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ सादर केले. दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर आणि बेलवलकर म्हणजे लागू. दोन्ही नाटकांचा विषय वरवर पाहता एकच आहे : म्हातारा बाप, त्याची मालमत्ता आणि मुले. पण ‘नटसम्राट’मध्ये आपण बापाच्या बाजूने उभे असतो, तर ‘गिधाडे’मध्ये उभे राहायला बाजूच सापडत नाही. मुले हिंस्र आहेत, बाप लबाड आहे, आणि त्या बापाने भावाला फसवून कमावलेल्या पैशावरच हे घर उभे आहे. कुटुंब या संस्थेबद्दल इतकी परस्परविरुद्ध विधाने करणारी दोन नाटके एकाच माणसाने सात महिन्यांच्या अंतराने समाजासमोर ठेवावीत, याला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ‘नटसम्राट’ त्यांच्याकडे चालून आले असेल. ‘गिधाडे’ त्यांनी ओढून आणले. हे नाटक १९६१च्या सुमारास लिहून झाले होते आणि जवळजवळ दशकभर त्याला हात लावायला कोणी धजावले नव्हते. नटाला जे मिळते त्यावरून त्याची लोकप्रियता कळते. जे तो आग्रहाने मागून घेतो त्यावरून त्याचा विचार कळतो.

‘गिधाडे’च्या बाबतीत घडलेली एक गोष्ट मराठी रंगभूमीच्या इतिहासात पुष्कळदा सांगितली जाते, आणि ती पुन्हा सांगायला हवी, कारण तिच्यात लागूंची दिग्दर्शक म्हणून सगळी भूमिका सापडते. भावांच्या लाथांनी बहीण माणिकचा गर्भ पडतो आणि तिच्या लुगड्यावर रक्ताचा डाग दिसतो, असा प्रसंग नाटकात आहे. सेन्सॉरने त्या लाल डागाला हरकत घेतली. नाटक मागे घेणे शक्य होते, प्रसंग गाळणेही शक्य होते. त्याऐवजी डाग निळा करण्यात आला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना जाहीरपणे सांगण्यात आले की, आज्ञेनुसार हा डाग निळा दाखवला आहे, आपण तो लाल समजावा. सेन्सॉरचा पराभव करणारी क्लृप्ती म्हणून ही गोष्ट सांगतात, आणि ती तशी आहेही. पण तिच्यात त्याहून मोठे काही घडले. डाग लाल असता तर प्रेक्षक दचकला असता आणि त्याने तोंड फिरवले असते. निळ्या डागाने त्याला दचकण्याची सोय ठेवली नाही. तो डाग लाल करण्याचे काम त्याला स्वतःच्या मनात करावे लागले, म्हणजेच त्या हिंसेचा अर्थ लावण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. कायद्याचे अक्षर पाळून त्यातला अन्याय उघड करणे आणि त्याच वेळी प्रेक्षकाला साक्षीदाराच्या जागी आणून बसवणे, हे दोन्ही एका निवेदनाने साधले. भावनेवर विसंबणाऱ्या दिग्दर्शकाला हे सुचले नसते. त्याने रक्तासाठीच हट्ट धरला असता.

हा स्वभाव घडला कुठे, याचे उत्तर त्यांच्या पूर्वायुष्यात थोडेफार मिळते, पण त्यावर फार भार टाकू नये. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिक्षण, कान-नाक-घशाची शस्त्रक्रिया हा व्यवसाय, पुढच्या प्रशिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंड, मग टांझानियातील टाबोरा इथली नोकरी, आणि या सगळ्याच्या आगेमागे भालबा केळकरांच्या सोबतीने ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’मधले हौशी नाटक. १९६९मध्ये, बेचाळिशीला आलेल्या वयात, चालता वैद्यकीय व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ नट झाले. डॉक्टरकी सोडण्याच्या धाडसाचे कौतुक नेहमी होते. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हे की, व्यावसायिक रंगभूमीवर ते उमेदवार म्हणून आले नाहीत. पोटासाठी नाटक न करण्याची जवळजवळ दोन दशकांची सवय त्यांना होती, आणि नाटक निवडताना आधी त्यातला विचार पाहण्याची हौशी रंगभूमीची शिस्त ते सोबत घेऊन आले. त्यांच्या पिढीतल्या अनेकांनी व्यावसायिक रंगभूमीवर आल्यावर ही शिस्त खुंटीला टांगली. लागूंनी नाव मिळाल्यावर ते नाव त्या शिस्तीच्या कामी लावले. १९७३मधले महेश एलकुंचवारांचे ‘गार्बो’, १९७४मधले गो. पु. देशपांडे यांचे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ ही त्यांनी दिग्दर्शित केलेली नाटके पाहावीत. एलकुंचवार तेव्हा तरुण होते, तर गोपुंचे ते पहिलेच नाटक होते. ‘नटसम्राट’च्या यशाच्या ऐन भरात असलेला नट हे करत होता.

आता त्यांच्या मोठ्या भूमिका एका रांगेत लावून पाहाव्यात. कलेपुढे घर विसरलेला बेलवलकर. वसंत कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’मधला नानासाहेब भानू : स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारा, आणि त्या त्यागाचा अर्धा हप्ता बायको-मुलांकडून वसूल करणारा समाजसुधारक. ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’तला प्राध्यापक श्रीधर विश्वनाथ कुलकर्णी : डाव्या विचारांचा, विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे उभा आणि त्याच वेळी स्वतःच्या संसारापुढे निरुत्तर. ‘कन्यादान’मधला समाजवादी नाथ देवळालीकर. ‘आत्मकथा’मधला वृद्ध लेखक राजाध्यक्ष, जो स्वतःचे आयुष्य सांगता सांगता ते सोयीने रचत जातो. पडद्यावरही हेच सूत्र दिसते. ‘पिंजरा’मधला मास्तर स्वतःची आदर्श प्रतिमा गावात जिवंत राहावी म्हणून स्वतः मेल्याचे नाटक रचतो आणि अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपात अडकतो. ‘सामना’मधला मास्तर सत्य शोधायला निघतो तो दारूच्या अंमलाखाली. ही सगळी माणसे तत्त्वाची आहेत. मराठी मध्यमवर्गाने गेल्या शतकात ज्यांना मान दिला ते हे लोक : कलावंत, सुधारक, प्राध्यापक, कार्यकर्ता, लेखक, शिक्षक. आणि यातल्या प्रत्येकाला नाटक वा चित्रपट एकच प्रश्न विचारतो की, तुझ्या तत्त्वाची किंमत कोणी मोजली? लागू ज्या वर्गातून आले, ज्या विचाराच्या बाजूने उभे राहिले, त्याच वर्गाची आणि त्याच विचाराची ही तपासणी आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. या भूमिका लागूंनी लिहिल्या नाहीत. शिरवाडकर, कानेटकर, तेंडुलकर, एलकुंचवार, देशपांडे यांच्या विचाराचे श्रेय नटाला का द्यावे? सत्तरच्या दशकातल्या मराठी नाटककारांनाच हा प्रश्न पडलेला होता आणि लागू त्यांच्या हाताशी होते, इतकेच. आक्षेपात तथ्य आहे. लागूंनाही तो मान्य झाला असता. आत्मचरित्राला त्यांनी ‘लमाण’ हे नाव दिले ते याच भावनेने : इथला माल तिथे पोहोचवणारा तो नट. तरीही हा त्यांचा विनय आपण जसाच्या तसा प्रमाण मानू नये. नाटकाच्या संहितेत पात्राला प्रश्न विचारलेला असतो, पण प्रयोगात तो विचारला जाईलच असे नाही. नट पात्राच्या बाजूने इतका झुकू शकतो की प्रश्न ऐकूच येऊ नये. मोठ्या नटाला तर तो मोह अधिक, कारण प्रेक्षक त्याच्यावर आधीच लोभ ठेवून बसलेला असतो.

‘नटसम्राट’ हे याचे सर्वांत चांगले उदाहरण, आणि माझ्या प्रतिपादनाला सर्वांत अवघड जाणारेही तेच. कारण ते करुणेचे नाटक आहे, असे सगळेच म्हणतील. बेलवलकर बळी आहे, मुले कृतघ्न आहेत. मग तिथे उलटतपासणी कसली? संहिता नीट वाचली तर उत्तर मिळते. नाटकाची सुरुवात सत्काराने होते. बेलवलकर टाळ्यांच्या गजरात निवृत्त होतो आणि त्याच भरात सगळे वाटून टाकतो. हे दान आहे, पण एका नटाने घेतलेला शेवटचा प्रवेशही आहे. पुढे मुलाच्या आणि मुलीच्या घरात तो राहतो तेव्हाही तो घर आणि रंगमंच यांत फरक करू शकत नाही. त्याचे बोलणे, त्याचे संतापणे, नातवंडांशी खेळणेसुद्धा भूमिकेच्या मापाचे आहे. मुलगी चोरीचा संशय घेते तो अन्याय आहेच. मात्र पत्नी कावेरीने आयुष्यभर या माणसाच्या भूमिकांमागे स्वतःला पुसून टाकले, हाही अन्याय आहे आणि तो बेलवलकरानेच केलेला आहे. नटाची भूमिका करणाऱ्या नटापुढे इथे एक निर्णय उभा राहतो. बेलवलकर कुठे खरा बोलतो आहे आणि कुठे भूमिका वठवतो आहे, हे प्रेक्षकाला वेगळे दिसू द्यायचे की नाही? नुसत्या आवाजाच्या ताकदीवर ही भूमिका पेलणारा नट स्वगतांना टाळ्यांची जागा करतो आणि फरक बुजवतो. लागूंच्या बेलवलकराची जी ध्वनिमुद्रणे उरली आहेत त्यांत हा फरक ऐकू येतो. भव्य वाक्यांच्या टोकाला आवाज एकदम साधा, जवळजवळ कोरडा होतो. आत्ताच बोललेल्या वैभवशाली शब्दांवर त्या माणसाचा स्वतःचाच विश्वास उरलेला नाही असे वाटावे, अशी जागा तिथे तयार होते. करुणा तिथून येते. आपण एका निरपराध म्हाताऱ्यासाठी रडत नाही. आयुष्यभर शब्दांच्या आडोशाला राहिलेल्या आणि आता आडोसा गेलेल्या माणसासाठी रडतो. ही करुणा अधिक कठीण आहे आणि जास्त काळ टिकते.

वाचिक अभिनयाकडे त्यांनी शास्त्रासारखे पाहिले, त्यावर स्वतंत्रपणे लिहिलेही. त्यांचा भर वाक्याच्या अर्थावर असे. कोणत्या शब्दावर जोर दिला की अर्थ बदलतो, श्वास कुठे घेतला की विचार तुटतो आणि कुठे घेतला की तो उलगडतो, हे प्रश्न त्यांना महत्त्वाचे वाटत. नानासाहेब फाटक यांच्या पिढीकडून आलेली भारदस्त शब्दफेकीची परंपरा त्यांनी टाकून दिली नाही. तिचा वापर त्यांनी बदलला. त्या परंपरेत आवाज भावनेला उंच नेत असे; लागूंकडे तो पुष्कळदा भावनेला थांबवून तिच्याकडे पाहायला लावतो. यातूनच दुसरा आक्षेप निघतो. त्यांचा अभिनय बुद्धीचा आहे, त्यात उत्स्फूर्तता कमी आहे, विशिष्ट लकबी वारंवार येतात, असे म्हणणारे जाणकार आहेत. लकबींबद्दलचे म्हणणे मला बरेचसे खरे वाटते. उत्तरकाळातल्या काही भूमिकांत तोच थांबा, तीच खालच्या पट्टीतली कंपने सापडतात आणि पात्रे एकमेकांसारखी होतात. पण बुद्धीने अभिनय थंड होतो, हे म्हणणे मात्र मी मान्य करणार नाही. ‘नटसम्राट’च्या प्रेक्षागृहात रडणाऱ्या हजारो माणसांनी ते आधीच खोटे ठरवले आहे.

दिग्दर्शक लागूंवरचा आक्षेप अधिक गंभीर आहे. विजया मेहता यांनी ‘अजब न्याय वर्तुळाचा’मध्ये लोकनाट्याच्या अंगाने ब्रेख्त उभा केला. जब्बार पटेल यांनी ‘घाशीराम कोतवाल’मध्ये माणसांची भिंतच नाचवली. त्या तोडीची एकही रंगप्रतिमा लागूंच्या दिग्दर्शनातून आपल्याला आठवत नाही. मग त्यांना दिग्दर्शक म्हणून वरच्या रांगेत का बसवावे? हे खरे आहे की ते संहितेच्या अधीन राहणारे दिग्दर्शक होते. रंगमंचाच्या दृश्यभाषेत त्यांनी नवे फारसे दिले नाही, आणि त्या बाबतीत विजयाबाईंशी त्यांची तुलना होऊ शकत नाही. पण दिग्दर्शनाचे एक काम असे असते की जे डोळ्यांना दिसत नाही. ‘गिधाडे’मध्ये नायक नाही. ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’मध्ये घटना जवळजवळ नाहीत, चौकशीतले प्रश्न आहेत, आठवणीतली माणसे आहेत आणि राजकीय विचारांवरची लांब संभाषणे आहेत. असे नाटक दोन-अडीच तास प्रेक्षकाला बांधून ठेवायचे तर प्रत्येक वाक्यामागचा हेतू नटांकडून साफ करून घ्यावा लागतो, आणि स्वतः मुख्य भूमिकेत असताना ती भूमिका इतरांना गिळणार नाही याची काळजी घ्यावी लागते. कुलकर्णी हा चौकशीला सामोरा जाणारा माणूस आहे. समितीचे प्रश्न बोथट झाले तर तो हुतात्मा होऊन बसतो आणि नाटक मरते. प्रसिद्धीच्या शिखरावरच्या नटाने स्वतःच्या पात्राला घेरणारे प्रश्न धारदार ठेवायचे, हा दिग्दर्शकाचा नैतिक निर्णय आहे. मराठी रंगभूमीवर वैचारिक नाटक उभे राहू शकते, हा विश्वास ज्या प्रयोगांनी दिला त्यात ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चे स्थान फार वरचे आहे.

मराठीबाहेरच्या चित्रपटांबद्दल थोडक्यात बोलतो, कारण त्यात फारसे सांगण्यासारखे नाही. शंभरावर चित्रपटांत त्यांनी काम केले, ‘घरौंदा’साठी फिल्मफेअरही मिळाले, रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले झाले, मृणाल सेन यांच्या ‘एक दिन अचानक’मध्ये त्यांनी घर सोडून निघून गेलेल्या प्राध्यापकाची भूमिका केली. ही शेवटची भूमिका आत्ता सांगितलेल्या रांगेत सहज बसते. बाकीचे बहुतेक काम न्यायाधीश, डॉक्टर, वडील अशा ठरीव साच्यांचे होते. त्या कामाचे समर्थन करण्याची गरज मला वाटत नाही.

देवाचा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. विश्वास न ठेवणारा माणूस श्रद्धेचे, नियतीचे, विधात्याला हाक मारणारे संवाद कसे बोलू शकतो, असे काहींना वाटे. विवेकाच्या चळवळीतल्या काहींना उलट वाटे की नास्तिकाने असल्या भूमिका घेऊच नयेत. दोन्ही बाजूंचा नटाबद्दलचा समज एकच आहे : नट जे बोलतो ते त्याचे मत असते. लागूंच्या सगळ्या कामाने हा समज खोडला आहे. दाभोलकरांबरोबरच्या सभांमध्ये त्यांनी देव नाकारला तेव्हा ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जबाबदारीवर बोलत होते. बेलवलकर देवाला हाक मारतो तेव्हा त्या हाकेची मानवी गरज समजून घेणे हे नटाचे काम होते. श्रद्धेची गरज ज्याने इतक्या जवळून तपासली, त्याने पुढे ती नाकारली तर तो नकार उथळ म्हणता येत नाही. निळू फुले, बाबा आढाव, दाभोलकर यांच्यासोबत ‘सामाजिक कृतज्ञता निधी’चे काम त्यांनी केले, त्यासाठी आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग झाले. चळवळीच्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा काही मानधन मिळावे, ही कल्पना होती. म्हणजे कार्यकर्त्यांविषयी त्यांना आदर होता, आणि तो कृतीत उतरलेला होता. हे लक्षात ठेवूनच ‘कन्यादान’कडे वळायला हवे.

तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ १९८३मध्ये सदाशिव अमरापूरकर यांच्या दिग्दर्शनाखाली आले. नाथ देवळालीकर हा समाजवादी आमदार. त्याची मुलगी ज्योती दलित कवी अरुण आठवले याच्याशी लग्न करते आणि मार खाते. या लग्नात नाथला आपल्या विचारांचा विजय दिसत असतो. शेवटी तो अरुणच्या आत्मकथनावर जाहीर सभेत स्तुतीचे भाषण करून येतो, आणि मुलगी त्याला जाब विचारते की, माणूस बदलतो हे तुम्हीच शिकवलेत, मग आता मी सोडून तरी कशी येऊ? लागूंच्या कारकिर्दीत त्यांनी स्वतःच्या पक्षाची घेतलेली ही सर्वांत कठोर उलटतपासणी आहे. नाथमध्ये ते स्वतः होते, त्यांचे मित्र होते, ज्या सभांना ते जात त्या सभांची भाषा होती. त्यांनी नाथला हास्यास्पद केले नाही आणि निर्दोषही सोडले नाही. या नाटकावर दलितविरोधी असल्याचा आरोप झाला. पुढे तेंडुलकरांना त्यासाठी सरस्वती सन्मान मिळाला, तरी तो आरोप मिटला नाही. नाटक नाथवर आहे, अरुणवर नाही, असे उत्तर दिले जाते, आणि लागूंचा नाथ पाहणाऱ्याला ते पटण्यासारखे होते, कारण प्रश्नाचा सगळा भार त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला होता. पण या पद्धतीची मर्यादाही इथेच दिसते. स्वतःच्या वर्गाची तपासणी कितीही प्रामाणिक असली तरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलतो तो त्याच वर्गाचा माणूस. अरुणच्या रागाचा इतिहास त्याच्या तोंडून, त्याच्या बाजूने, इतक्याच ताकदीने सांगण्याची जागा नाटकाने ठेवली नाही, आणि नाथची भूमिका जितकी मोठी झाली तितकी ती जागा आणखी आक्रसली. लागूंनी जिथवर नेता येत होते तिथवर तो प्रश्न नेला. त्यापुढचा भाग दुसऱ्या नाटककारांनी आणि दुसऱ्या नटांनी बोलायचा होता, आणि दलित रंगभूमीवर तो त्या काळातही बोलला जात होता. मुख्य प्रवाहाच्या प्रेक्षागृहांनी तो किती ऐकला, याचा हिशेब अजून व्हायचा आहे.